मूल हायस्कुलात गेले, आईबाप कुठे राहिले?



मूल पहिलीत घालायचे असते तेव्हा आपल्याकडे सारे घर शाळेच्या दारात उभे असते. आई नवे कपडे शिवून घेते, बाप त्या दिवशी कामावर खाडा करतो, आजी दप्तर धरून मागे चालते. तेच मूल सात-आठ वर्षांनी महापालिकेची शाळा सोडून मोठ्या प्रशालेत जाते, तेव्हा मात्र एकटेच जाते. दाखला त्यानेच आणलेला असतो, प्रवेशाचा अर्ज त्यानेच भरलेला असतो आणि पालकाच्या सहीच्या जागी शेजारच्या एखाद्या दादाने सही ठोकलेली असते. आईबापांना विचारावे तर उत्तर ठरलेले, "आता मोठा झालाय की तो. आमच्यापेक्षा त्यालाच जास्त कळतंय."

हे उत्तर आम्ही बुधवार पेठेत ऐकले, कुंभारीच्या विडी घरकुलात ऐकले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर उभ्या असलेल्या बापांकडूनही ऐकले. त्यात मुलाबद्दलचा अभिमान आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या अभिमानाच्या आड एक भीती लपलेली असते. आपले शिक्षण थोडे, तिथे जाऊन आपण काय बोलणार, ही ती भीती. आज या भीतीविषयी आणि तिच्या किमतीविषयी थोडे बोलायचे आहे.

नववीचा उंबरठा

प्रथम हे पाहू की या वयात शाळेत नेमके काय बदलते. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. पुढे दुसरी शाळा शोधावी लागते. जिथे सर्व मुलांना एकच गुरुजी किंवा बाई नावानिशी ओळखत होत्या, तिथून मूल अशा जागी जाते जिथे तासागणिक शिक्षक बदलतो, वर्गात साठ-सत्तर डोकी असतात आणि गैरहजर कोण हे हजेरीपटापलीकडे कोणाच्या लक्षात येत नाही. विज्ञान आणि गणित सेमी-इंग्रजीतून घेतले तर घरात कोणीही न बोललेली भाषा एकदम पुस्तकात येऊन बसते.

त्याहून मोठा बदल नववीत होतो. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात, दुपारचा आहार मिळतो, प्रवेश नाकारता येत नाही. नववीत पाऊल टाकले की पुस्तके विकत, आहार बंद आणि कायद्याचे ते संरक्षणही मागे राहते. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला नापास करीत नसत, त्यामुळे वाचता न येणारे मूलही नववीत जाऊन धडकत असे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा एक संधी आणि त्यातही नापास झाल्यास तोच वर्ग.

थोडक्यात, नववीच्या दारात सरकारचा हात सुटतो आणि नेमका त्याच वेळी आईबापांचाही हात सुटतो. मग मूल पडले तर नवल कसले? देशातील शाळांची सरकारी माहिती यू-डायस अहवालात येते. २०२३-२४ च्या अहवालानुसार सहावी ते आठवीच्या टप्प्यावर शाळा सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण ५.२ टक्के होते, तर नववी-दहावीच्या टप्प्यावर ते १४.१ टक्के होते. हा आकडा देशाचा आहे. आपल्या गल्लीचा आकडा काढायला सरकारी अहवाल लागत नाही. आठवीत किती मुले होती आणि दहावीच्या परीक्षेला किती बसली, हे बोटांवर मोजून बघावे.

आपल्या सोलापूरचे गणित

मूल शाळा सोडते ते एका दिवसात सोडत नाही. आधी आठवड्यातून एक दिवस जातो, मग दोन. सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येते. पाण्याचा दिवस असला की घरातली मोठी मुलगी शाळेत जात नाही, कारण आई कारखान्यात विड्या द्यायला गेलेली असते आणि घागरी भरायला कोणीतरी हवे असते. विड्यांचा हजार पुरा होत नसला की तिलाच पाने कापायला बसवतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा हात भरभर चालतो, हे आईलाही दिसते आणि आजीलाही. मुलगा असेल तर सुट्टीत यंत्रमागावर कांड्या भरायला जातो, हातात चार पैसे येतात आणि जूनमध्ये शाळेत परतायचे पाय जड होतात.

आम्ही कोणाला दोष देत नाही. एक दिवस शाळेत गेले की एक दिवसाची मजुरी बुडते, हे ज्याच्या घरी महिन्याचा पगार ठरलेला आहे त्याने सांगू नये. पण मजुरीचा हिशेब करायचा तर पुरा करावा. वर्षातून चार वेळा शाळेत जायला चार अर्धे दिवस लागतात. मूल नववीत सुटले आणि पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची वेळ आली, तर त्याची दोन-तीन वर्षे जातात. त्यातली किती जणे तो फॉर्म खरोखर भरतात, हे आपण सर्व जाणतो.

आणखी एक गोष्ट. बचत गटाचे कर्ज काढून खाजगी क्लासचे पैसे भरणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्याच पालकांनी मुलाच्या वर्गशिक्षकांचे तोंडही पाहिलेले नसते. पैसे देणे जमते, जाऊन बसणे जमत नाही. आता तर शाळांचे मोबाईलवर पालकांचे गट असतात. त्यात पालक म्हणून कोणाचा नंबर असतो? पुष्कळदा मुलाचाच! गैरहजेरीचा निरोप मुलालाच येतो आणि मूलच तो वाचून पुसून टाकते.

सुभेदारांनी काय केले

आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांच्या हायस्कूलच्या दिवसांकडे आज एका वेगळ्या नजरेने पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. रजिस्टरमधील त्यांचा क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आम्हाला वाटते, तो पालकांचाही दिवस मानावा.

कारण पुढे कुटुंब मुंबईला आले, परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले, तेव्हा रामजी सुभेदारांनी हात सोडला नाही. मुलाला पुस्तक हवे आणि खिशात पैसा नाही, अशा वेळी ते आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. एका खोलीत इतकी माणसे, अभ्यासाला जागा कुठली? म्हणून मुलाला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे आणि मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे, असा त्यांचा नेम होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

कोणी म्हणेल, सुभेदार स्वतः शिकलेले होते, लष्कराच्या शाळेत शिक्षक होते, आमचे तसे नाही. खरे आहे. पण वर सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीला शिक्षण लागते? रात्री जागे राहायला? लेकीकडे जाऊन दागिना मागायला? त्याला लागते ती एकच गोष्ट, मुलाची शाळा हे आपलेच काम आहे असे मानणे. बीजगणित त्यांच्या मुलाने स्वतःच सोडवले असेल. त्यासाठीची जागा आणि वेळ बापाने काढून दिली.

आणि जिथे आईबाप जवळ नव्हते, तिथे समाजाने आईबापांची जागा घेतली. याचे उदाहरण तर आपल्याच गावात आहे. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. ते कोणासाठी होते हे ध्यानात घ्यावे. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी! राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. सभेच्या अगदी पहिल्या कामांत हे काम का आले? कारण प्राथमिक शाळेच्या पुढचा उंबरठा एकट्या मुलाला ओलांडता येत नाही, हे त्यांना कळले होते. त्या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली. उंबरठा तिथेच आहे.

अक्षर न येणाऱ्या आईलाही जमेल

आता कामाचे बोलू. पालकांनी काय करावे, असे आम्हाला नेहमी विचारतात. आम्ही सांगतो ती कामे अगदी साधी आहेत.

पहिले, दाखला मुलाबरोबर जाऊन स्वतः घ्यावा आणि तिथेच उभे राहून कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म आणि जात. कारकुनी करीत असल्याने आम्हाला ठाऊक आहे, एका वेलांटीपायी किती चपला झिजतात. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि दाखला या तिन्हींवर नाव सारखे नसेल तर शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. मूल शाळेत असेपर्यंत शाळेच्या रजिस्टरमध्ये पुरावे देऊन दुरुस्ती करता येते. शाळा सुटली की तेच काम फार अवघड होते.

आपल्या समाजात जातीचा रकाना हा वेगळाच विषय आहे. कोणाच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे, कोणाच्या 'नवबौद्ध', कोणाच्या नुसते 'बौद्ध'. एकाच घरात बापाचे एक आणि मुलाचे दुसरे असते. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण जातीचा दाखला काढताना मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासूनचे महाराष्ट्रातील वास्तव्य दाखवावे लागते. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद लागतो. हे कागद अकरावीच्या प्रवेशाच्या आदल्या रात्री सापडत नसतात. मूल आठवीत आले की शोधायला लागावे.

दुसरे, शिष्यवृत्त्या. आठवीत असतानाच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षा देता येते. शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित हवी आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जातीच्या मुलांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. म्हणजे तयारी सातवीपासूनच हवी. नववी-दहावीसाठी अनुसूचित जातीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. गावाकडच्या मुलांना समाज कल्याणच्या वसतिगृहात आठवीपासून जागा मागता येते. आईचे विडी कामगाराचे ओळखपत्र पेटीत पडून राहते आणि मुदत निघून जाते, हे दरवर्षीचे आहे. शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारावा, "बाई, माझ्या लेकराचा फॉर्म कोणता आणि तारीख कोणती?"

तिसरे, विषय आणि माध्यम. सेमी-इंग्रजी घ्यायचे की नाही, हिंदी पूर्ण घ्यायची की संस्कृत जोडून, हे ठरवताना पालकाने समोर असावे. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारशी घ्यावी लागली. आज निवड आपल्या हातात आहे, तर ती शेजारच्या मुलाने काय घेतले यावर का सोडावी? मुलाचा पाया कसा आहे हे जुन्या शाळेच्या शिक्षकांना ठाऊक असते. दाखला घ्यायच्या दिवशी त्यांनाच विचारून घ्यावे.

चौथे, वही बघावी. वाचता येत नसले तरी बघावी. वहीत लाल शाई शेवटची कोणत्या पानावर दिसते, त्यापुढे किती पाने कोरी आहेत, हे अक्षर न येणाऱ्या आईलाही दिसते. महिन्यातून एकदा दिसलेली ही लाल शाई क्लासच्या पावतीपेक्षा जास्त सांगते.

पाचवे, नववीची पहिली चाचणी झाली की शाळेत जावेच. पुढे काय होणार याची चाहूल तिथेच लागते. मुलीची आई गेली तर तिने मुलींचे स्वच्छतागृह बघून यावे, त्याला कडी आहे का, पाणी आहे का ते पाहावे. महिन्याचे चार दिवस मुलगी घरी का राहते, याचे उत्तर कधी कधी तिथेच सापडते. आणि शाळेत पालकाचा नंबर म्हणून स्वतःचा नंबर द्यावा.

शाळेने आणि विहाराने काय करावे

सगळा भार पालकांवर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. गेल्या वर्षी आम्ही एका आईबरोबर एका प्रशालेत गेलो होतो. बैठक सकाळी अकराची, तीही कामाच्या दिवशी. कारखान्यात विड्या देऊन ती बाई धावतपळत पावणेबाराला पोचली. तिला सर्वांदेखत ऐकवण्यात आले की तुम्हा लोकांना मुलांची काळजीच नसते. ती एक शब्द बोलली नाही. बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाली, "दादा, परत नका आणू मला." त्या एका वाक्याने शाळेने एक पालक गमावला. आमची शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे, बैठक रविवारी किंवा संध्याकाळी ठेवा, आणि आलेल्या आईला आधी बसायला खुर्ची द्या. मुलाची तक्रार सांगण्यापूर्वी त्याची एक चांगली गोष्ट सांगा. पुढच्या वेळी ती स्वतः येईल.

कायद्यानेही पालकाला जागा दिली आहे. सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घटकांतील पालकांना त्यात त्यांच्या प्रमाणात जागा आहे. मूल सातवी-आठवीत असेपर्यंत त्या समितीत बसायची सवय झाली तर हायस्कूलच्या पालक-शिक्षक संघात बोलायला जीभ अडखळत नाही. जपानमध्ये नववीच्या अखेरीस मुलाने पुढे कुठे जावे हे ठरवताना शिक्षक, मूल आणि पालक असे तिघे एका टेबलाशी बसतात. तशी रीतच आहे. आपल्याकडे मुलाविषयी शिक्षक पालकाशी बोलतात, पालक मुलावर ओरडतो, आणि तिघे एकत्र कधी बसत नाहीत. त्याला काही खर्च येत नाही, वेळ लागतो पंधरा मिनिटे.

राहिला आपला समाज. वर्षावासात विहारात रोज सायंकाळी माणसे जमतात. त्यातला एक रविवार आठवी-नववीच्या पालकांसाठी ठेवावा. ज्यांची मुले गेल्या वर्षी हायस्कुलात गेली त्या आयांनी नव्या आयांना सांगावे, कोणत्या खिडकीवर काय मिळते, कोणता कागद लागतो. जी बाई एकटीने शाळेत जायला घाबरते ती चौघींबरोबर जाईल. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रत्येकी दोन घरे वाटून घ्यावीत आणि फॉर्मच्या तारखा त्या घरी जाऊन सांगाव्यात. ज्या घरात अभ्यासाला जागा नाही त्या घरच्या मुलांसाठी विहाराचा दिवा रात्री दहापर्यंत जळू द्यावा. पाण्याच्या दिवशी दोन घरांनी मिळून घागरी भरल्या तर एक मुलगी शाळेत जाईल. सोलापुरात शंभर वर्षांपूर्वी एका सभेने पदराला खार लावून वसतिगृह चालवले. आपल्याला तर एक रविवार आणि एक दिवा मागितला आहे.

मायबहिणींनो, बंधूंनो, येत्या जूनमध्ये तुमचे मूल आठवीत किंवा नववीत जाणार असेल तर प्रवेशाच्या दिवशी त्याच्याबरोबर जा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. वर्गशिक्षकांना नमस्कार करून एवढेच सांगा, "मी याची आई. याचं काही कमी-जास्त असलं तर मला कळवा." आणि पालकाच्या जागी सही किंवा अंगठा, जो येत असेल तो, तुमचाच असू द्या.

जयभीम!